सपातांच्या मांडणीशेजारी

जपानी माणसापुढे किती वाकायचं हे शिकवायला हिंजवडीतल्या त्या कंपनीने चार दिवस घेतले. बरोबरीच्या माणसापुढे पंधरा अंश, पाहुण्यापुढे तीस, आणि चूक झाली असेल तर पंचेचाळीस. मनुष्यबळ विभागाच्या प्रमुख सुनीती भाटवडेकर यांनी त्यासाठी पुठ्ठ्याचा भलामोठा कोनमापक करवून भिंतीवर लावला होता. चांगली शिकलीसवरलेली, लग्नाची मुलंबाळं असलेली माणसं एकेक करून त्या भिंतीपाशी येत, वाकत, आणि सुनीतीबाई मान तिरकी करून अंश वाचत.

"चोवीस. अजून थोडं. पाहुणा आहे तो, शेजारी नाही."

मैत्री गजभिये शेवटच्या रांगेत बसून हे पाहत होती. तिची पाळी आली तेव्हा ती सहज वाकली आणि सहज उभी राहिली.

"बघा, बरोब्बर तीस!" सुनीतीबाई म्हणाल्या. "हिला शिकवावं लागत नाही. रक्तातच असतं काहींच्या."

मैत्री वर्ध्याची. तिच्या रक्तात जपान कुठून यायचं? चार वर्षं दर रविवारी सकाळी, कर्वेनगरच्या खोलीतल्या मैत्रिणी अंथरुणात असताना, ती क्लासला जात होती. जपानीच्या दुसऱ्या पातळीची परीक्षा पास झालेली ती कंपनीतली एकटी. ओसाकाला दोन वर्षांसाठी एक इंजिनिअर पाठवायचा होता. तिकडच्या लोकांचं म्हणणं इकडे आणि इकडचं तिकडे नीट पोचवणारा. ती जागा आपली आहे हे मैत्रीला ठाऊक होतं, तिचा मॅनेजर अनिरुद्ध याला ठाऊक होतं, आणि अनिरुद्धला ते ठाऊक आहे हे तो तिला विसरू देत नव्हता.

काम देणारी ओसाकाची कंपनी मोठी होती, आणि हल्ली मोठ्या कंपन्यांना काम नुसतं चांगलं असून पुरत नाही. काम करणाऱ्यांना कसं वागवता, वेगवेगळ्या समाजांची माणसं तुमच्याकडे मोकळेपणी राहतात का, हेही त्या पाहतात. ते पाहायलाच मोरिशिता नावाचे वयस्कर अधिकारी येणार होते. त्यांच्यासाठी सुनीतीबाईंनी 'सांस्कृतिक सुरक्षितता पंधरवडा' जाहीर केला. पंधरा दिवसांनंतर कोणी असुरक्षित झालं तर काय करायचं, हे परिपत्रकात नव्हतं.

परिपत्रक वाचताना मैत्रीचा हात आपोआप टेबलाच्या खालच्या खणाकडे गेला. त्या खणात, जुन्या वायरींखाली, तळहाताएवढी एक फ्रेम होती. एका बाजूला बुद्ध, एका बाजूला बाबासाहेब. नोकरी लागली तेव्हा आईने, प्रेमलाबाईंनी, दिलेली. "परक्या गावात घरचं कोणीतरी समोर असू दे," एवढंच आई म्हणाली होती. एप्रिलमध्ये मैत्रीने ती टेबलावर ठेवली. आठव्या दिवशी सुनीतीबाईंनी केबिनमध्ये बोलावलं. कॉफीही मागवली, म्हणजे प्रकरण वाईट होतं.

"माझा स्वतःचा काही आक्षेप नाही हं," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे तर कामाला येणाऱ्या वेणूबाई तुमच्यातल्याच आहेत. पण कोणालातरी अनकम्फर्टेबल वाटलं. ऑफिस कसं न्यूट्रल हवं."

"मॅडम, अनिरुद्धच्या मॉनिटरवर हळदीकुंकू आहे. मागच्या महिन्यात सर्व्हर रूममध्ये सत्यनारायण झाला."

"अगं, ती संस्कृती झाली. तुझं ते जरा... स्टेटमेंट होतं."

मैत्रीने फ्रेम खणात ठेवली. भांडली नाही. ओसाका होतं समोर. पण त्या दिवसापासून सुनीतीबाईंचा तिला जितका तिटकारा येई, त्याहून थोडा जास्तच त्या खणाचा येई, कारण तो तिने स्वतः बंद केला होता.

पाहुणा शुक्रवारी यायचा होता. त्याआधीच्या सोमवारी ऑफिसातले शिपाई बापूराव तिच्या टेबलापाशी येऊन घुटमळले. बापूराव लोणी काळभोरचे. बत्तीस वर्षं एका कारखान्यात होते, तो बंद पडल्यावर इथे लागले. कंपनीत सुनीतीबाई सोडल्या तर सगळे एकमेकांना नावाने हाक मारत, वरचा-खालचा भेद नको म्हणून. बापूरावांना मात्र सगळे "अरे बापू" म्हणत. मैत्री तेवढी अहो-जाहो करी.

"ताई, तुमचा बुद्ध आणलाय," ते म्हणाले. "खाली मांडलाय. बघून या येकदा."

"कोणी आणला?"

"मॅडमनी. शोभंच्या सामानाच्या दुकानातनं. आत लाईट हाय, निळी." ते क्षणभर थांबले. "म्या म्हनलं, गनपतीच्या चौथऱ्यावर ठिवू का? तर म्हनल्या, ती जागा गनपतीची हाय. अकरा म्हैने मोकळीच असती, पर न्हाय म्हनल्या."

मैत्री खाली गेली. प्रवेशाच्या दालनात संगमरवरी चौथरा नेहमीसारखा रिकामा, पुसून लख्ख. आणि समोरच्या कोपऱ्यात, नव्या सपातांच्या मांडणीशेजारी, कमरेएवढ्या उंचीचा फायबरचा सोनेरी बुद्ध बसवलेला. जपानी लोक आत येताना बूट काढतात असं सुनीतीबाईंनी कुठंसं वाचलं होतं, म्हणून पन्नास जोड सपाता आल्या होत्या, आणि आठवडाभर सगळ्यांनी सवय करायची होती.

"मॅडम, घरी काढतात," मैत्री म्हणाली. "अशा ऑफिसांत नाही काढत."

"मी वाचलंय, मैत्री," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि डाव्या पायातला बूट काढताना तोल जाऊ नये म्हणून त्यांनी बुद्धाच्या डोक्यावर हात टेकला.

मग सगळ्यांनीच टेकला. जागाच तशी होती. एका पायावर उभं राहायचं, दुसऱ्या पायातला बूट ओढायचा, आणि हाताशी बरोबर उंचीचं काहीतरी हवं. सोमवारपासून गुरुवारपर्यंत ऑफिसातली पन्नास माणसं सकाळ-संध्याकाळ त्या डोक्याला धरून बूट काढत-घालत होती. कोणाच्या मनात अपमान नव्हता. मनात काही असावं इतकाही त्यांनी त्याचा विचार केला नव्हता. गुरुवारी डोक्यावरचा सोनेरी रंग उडून तिथे पांढरट टक्कल दिसू लागलं, तेव्हा सुनीतीबाईंनी बापूरावांना रंगाची डबी आणायला पाठवलं.

त्याच दुपारी मैत्रीच्या हाती एक कागद आला.

"पाहुण्यांचं स्वागत तू करायचंस," सुनीतीबाई म्हणाल्या. "मूर्तीपाशी उभी राहा. तुमच्यात पांढरी साडी असते ना, ती नेस. आधी तुमची ती वंदना, दोन ओळी पुरे. मग हे वाच. जपानीत तूच कर बाई, आम्हाला कुठलं येतंय."

कागदावर लिहिलं होतं: 'मी बौद्ध आहे. या कार्यालयात मला माझी संस्कृती मोकळेपणी जगता येते. मला इथे कधीही परकं वाटलं नाही.'

"हे मी लिहिलेलं नाही," मैत्री म्हणाली.

"म्हणून तर नीट लिहिलंय," अनिरुद्ध हसत म्हणाला. तो दारात टेकून उभा होता. "एवढी सिरियस नको होऊस गं. तीन वाक्यं आहेत. ओसाकाचं नाव मोरिशिता गेल्यावर फायनल होणार, कळतंय ना?"

कळत होतं. न कळण्यासारखं त्यांनी काही ठेवलंच नव्हतं. मैत्रीने रात्री त्या तीन वाक्यांचं जपानी केलं. भाषांतर चोख झालं. आपल्याबद्दलचं खोटं इतक्या शुद्ध भाषेत पाहून तिला शिसारी आली, तरी तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. उद्या वाचायचा, असं तिने ठरवलं होतं.

मोरिशिता सकाळी दहाला आले. बारीक, सत्तरीकडे झुकलेले. आत पाऊल टाकताच पन्नास माणसं तीस अंशांत वाकली. ते थोडे दचकले. मग सुनीतीबाईंनी सपातांकडे हात केला. मोरिशितांनी सपातांकडे पाहिलं, स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. इथली पद्धत असेल म्हणून ते वाकून नाडी सोडू लागले. एका पायावर उभे राहताच त्यांचा तोल गेला. शेजारी बुद्ध होता. त्यांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. तसेच ते लटपटत उभे राहिले.

"अरे, धरा धरा, सर!" म्हणत अनिरुद्ध पुढे धावला. त्याने म्हाताऱ्याचं मनगट मोठ्या आपुलकीने धरलं आणि त्यांचा तळवा बुद्धाच्या डोक्यावर नेऊन टेकवला. "हां. आता आरामात."

लोक हसले. चांगल्या मनाने हसले, तेच तर वाईट होतं. मोरिशितांच्या तळव्याला ताजा सोनेरी रंग लागला. ते हात तसाच हवेत धरून उभे राहिले. तो कुठे पुसावा हे त्यांना कळेना.

मैत्रीने पर्समधून आपला रुमाल काढून त्यांना दिला. कागद पर्समध्येच राहिला.

"आता आमची मैत्री दोन शब्द बोलेल," सुनीतीबाई म्हणाल्या, आणि टाळ्या वाजवायला तयार राहिल्या.

मैत्री रोजच्या निळ्या कुडत्यात होती. ती तीस अंश वाकली, सरळ झाली आणि जपानीत बोलू लागली. आवाज चढवला नाही. लहान मुलाला बाराखडी सांगावी तसं एकेक वाक्य स्वच्छ सांगितलं.

"मी बौद्ध आहे. इथे मला मोकळं वाटतं असं सांगायला मला सांगितलेलं आहे. ते खरं नाही. माझ्याकडे आईने दिलेली छोटी फ्रेम आहे. ती टेबलावर ठेवली म्हणून मला बोलावलं गेलं, आणि एप्रिलपासून ती खणात आहे. इतरांचे देव टेबलांवर आहेत, ते तुम्हाला दिसतील. ही मूर्ती तुमच्यासाठी सोमवारी आणली. समोरचा चौथरा रिकामा आहे, तरी ती इथे ठेवली. आठवडाभर सगळे तिचा आधार घेऊन बूट काढतात. काम मात्र आम्ही चांगलं करतो, तेही बघा."

टाळ्यांचा कडकडाट झाला. "काय फ्लुएंट बोलते!" कोणीतरी म्हणालं. सुनीतीबाईंचे डोळे भरून आले होते.

मोरिशिता मैत्रीकडे बघत राहिले. मग ते वाकले, खूप खाली, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"पंचेचाळीस!" सुनीतीबाई अनिरुद्धच्या कानात पुटपुटल्या. "अरे, पंचेचाळीस आहे हा!"

पंचेचाळीस कशासाठी असतात, हे त्यांनीच चार दिवस शिकवलं होतं.

मंगळवारी ओसाकाहून पत्र आलं, जपानीत. ते वाचायला अर्थातच मैत्रीला बोलावलं. तिने सुनीतीबाई आणि अनिरुद्ध यांच्यासमोर बसून, काही न गाळता, मराठीत सांगितलं. कामाची तपासणी समाधानकारक. गजभिये यांनी स्वागताच्या वेळी सांगितलेल्या गोष्टींचा मात्र लेखी खुलासा हवा. पुढे त्या गोष्टी एकेक करून लिहिल्या होत्या. फ्रेम, खण, चौथरा, बूट.

सुनीतीबाईंनी पत्र तिच्या हातून ओढून घेतलं.

"तू हे बोललीस?" सुनीतीबाई म्हणाल्या. "आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि तू हे बोलत होतीस?"

"तुम्हीच म्हणालात, मॅडम, मोकळेपणी जगता येतं असं सांग. म्हणून मोकळेपणी सांगितलं."

"उपकार केले तर हे असं!"

"कुठले उपकार, मॅडम?"

अनिरुद्धने मध्ये हात घातला. तो भांडणात पडणारा नव्हता, तो मार्ग काढणारा होता, आणि त्याचा मार्ग नेहमी दुसऱ्याच्या अंगणातून जाई.

"झालं ते झालं. खुलासा मी टाइप केलाय. फ्रेम पहिल्यापासून टेबलावरच आहे. साफसफाईसाठी चार दिवस काढली होती, आणि बोलताना तुझा भाषेचा गोंधळ झाला. तू जपानीत कर आणि सही कर. व्हिसाचे कागद माझ्याकडे आहेत. तुझी सही झाली की माझी."

"आणि ती फ्रेम जरा बाहेर काढ," सुनीतीबाई कॅमेरा घेऊन उठल्या. "टेबलावर ठेव, फोटो जोडायचाय. घरी मोठी असेल तर ती आण. इथून पुढे रोज राहू दे, माझी परवानगी आहे."

तिघंही मैत्रीच्या टेबलापाशी आली. आजूबाजूच्या माना वर झाल्या. मैत्रीने खण उघडला, वायरी बाजूला केल्या, फ्रेम काढली. काचेवर धूळ होती. ती तिने ओढणीने पुसली. सुनीतीबाईंनी कॅमेरा डोळ्याला लावला. मैत्रीने फ्रेम पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली.

"आता ऑफिस न्यूट्रल आहे, मॅडम. काढा फोटो."

कोणीतरी हसू दाबलं. मैत्री खाली बसली. अनिरुद्धच्या खुलाशाचं तिने जपानी केलं, एकही शब्द न बदलता. सहीच्या जागी दोन्ही भाषांत लिहिलं: 'वरचा मजकूर मला सहीसाठी देण्यात आला. तो खरा नाही, म्हणून मी सही करत नाही.' छापून तिने कागद अनिरुद्धच्या हातात दिला.

"म्हणजे ओसाका विसर," तो म्हणाला.

"विसरले."

"टीममध्ये पूर्वा आहे. तिला पाठवीन मी."

"पाठव. तिला दहापर्यंत आकडे येतात. बाकी तू शिकव."

बोलायला सोपं होतं ते. जिना उतरताना मात्र चार वर्षांचे रविवार ती पायरीगणिक मोजत होती. ही नोकरी गेली तरी पुण्यात जपानी येणाऱ्याला काम मिळेल, याची तिला खात्री होती. ओसाका मिळेल याची नव्हती.

खाली बसची वाट पाहत ती मूर्तीपाशी उभी राहिली. पाहुणा गेला तरी सपातांचा नियम राहिला होता, आणि टक्कल पुन्हा पडलं होतं. बापूराव हातात फडकं घेऊन आले.

"ताई, कुनी न्हाय आत्ता. चौथऱ्यावर ठिवू उचलून? दोघांत उचलंल."

मैत्रीने रिकाम्या चौथऱ्याकडे एकदा पाहिलं.

"नको, बापूराव. ती जागा त्यांची राहू द्या. हा आहे तिथेच बरा आहे. आपण जोडे हलवू."

दोघांनी सपातांची मांडणी पार दाराच्या पलीकडे, मोकळ्या भिंतीपाशी ओढत नेली. फरशीवर तिचा कर्कश आवाज झाला. तो ऐकायला कोणी आलं नाही.

सहाला अनिरुद्ध खाली आला. मोबाइल कानाला, चेहऱ्यावर तेच मार्ग काढणारं हसू. नवी जागा पाहून तो जरा थबकला, मग मांडणीपाशी गेला, बूट घालायला पायातली एक सपात झटकली आणि एका पायावर उभा राहून सवयीने डावा हात बाजूला टेकवायला गेला. तिथे हवा होती. तो दोन उड्या मारत भिंतीवर आदळला, मोबाइल घरंगळत गेला, आणि एक पाय उचलून उभा राहत त्याने आधारासाठी दालनभर पाहिलं.

बापूराव फडक्याने बुद्धाचं डोकं पुसत होते. मैत्रीची बस लागली होती.