रानरेड्याच्या गळ्यातली चिठ्ठी

“डोक्यात मारू नका. शिंगांच्या बुडाशी हाड असतं, गोळी चेपून खाली पडते. खांदा फोडा, पुढचा पाय मोडला पाहिजे. लिही,” एमस म्हणाला.

हेस्टर लिहीत होती. आफ्रिकेत रानरेड्याने उजवा हात चिरडल्यापासून नवऱ्याची पत्रं तीच लिहायची. एमस प्रुएट म्हणजे प्राण्यांचा एवढा मोठा अभ्यासक, पण पावाला लोणी लावायलाही त्याला बायको लागायची. वसंतात सिनेटर ऑर्मस्बी आफ्रिकेला शिकारीला निघणार होते आणि एमसने सोबत यावं म्हणून वॉशिंग्टनहून पत्रामागून पत्र टाकत होते. एमसचाही पाय घरात ठरत नव्हता. हेस्टरचा जीव मात्र कासावीस व्हायचा. त्या मुलखाने तिचा मुलगा एडविन गिळला होता. आता नवराही जायला निघाला होता.

“पुढे लिही. मागच्या खेपेस आम्ही दोन सिंहिणी मिळवल्या.”

“मारल्या म्हण की! ‘मारल्या’ म्हणताना तोंडाला फोड येतात का तुम्हा लोकांच्या?”

“संग्रहालयात असंच लिहितात, हेस्टर.”

ती फणकारली आणि सकाळी आलेलं सिनेटरचं नवं पत्र फोडून मोठ्याने वाचू लागली.

“‘काल संग्रहालयात तुमचा पेंढा भरलेला रानरेडा पाहिला. काय जनावर! गळ्यातल्या चिठ्ठीवर मिळवणाऱ्याचं नाव एडविन प्रुएट आहे. तुमचाच कुणी का? असा नेमबाज मला हवाच. त्यालाही घेऊन या.’”

शेवटची ओळ वाचून तिने पत्र टेबलावर आपटलं.

“एडविनने मारला? त्याला बंदूक उचलायलाही सवड मिळाली नाही म्हणालास ना तू?”

“नाहीच मिळाली. रेड्याने आधी माझा हात तुडवला, मग त्याच्याकडे वळला. शिंगावर घेऊन आपटत राहिला. पोट फाटलं होतं, तरी पोरगा मला हाका मारत होता. मी डाव्या हाताने गोळ्या घातल्या, एक संपली की दुसरी. रेडा पडला तो त्याच्याच अंगावर. मीही शुद्धीत राहिलो नाही. सकाळपर्यंत तरसांनी त्याचं पुरायलाही काही ठेवलं नव्हतं. रेड्याला मात्र त्यांनी तोंड लावलं नव्हतं.”

“मग चिठ्ठीवर त्याचं नाव का?”

“जो मारतो त्याचं नाव लागतं. थडगं नाही, दगड नाही. कुठेतरी असावं त्याचं नाव, म्हणून मी खोटं सांगितलं.”

हेस्टरने त्याच्या छातीवर मुठी मारल्या, दम लागेपर्यंत मारल्या. एमसने चांगला हातसुद्धा आडवा धरला नाही.

मग ती खुर्चीत बसली. खांदा फोडण्याचं पत्र तिने टराटरा फाडलं आणि नव्या कागदावर सिनेटरला लिहिलं, “एडविन आमचा मुलगा. तो येऊ शकत नाही. त्या रेड्याने त्याला मिळवला.”

“घे, सही कर,” तिने टाक पुढे केला. “जायचं असेल तर तेही तूच लिही. माझ्या हाताने होणार नाही.”

एमसने डाव्या हातात टाक धरला. पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी अक्षरं उमटली. “मीही येत नाही.” खाली त्याने सही केली.

हेस्टरने कागद ओढून घेतला. शाई वाळण्याआधीच तिने सहीखाली एक ओळ लिहिली.

“गळ्यातली चिठ्ठी मात्र कुणाला बदलू देऊ नका.”