एकवीस पुड्या

पूडवाल्या महाराजांच्या दारात दर गुरुवारी सकाळी सातपासून बायकांची रांग. आमच्या शिवण कारखान्यातली अर्धी मशिनं त्या दिवशी बंद, आणि मुकादमीणच रांगेत उभी म्हटल्यावर ओरडणार कोण? महाराज एकवीस पुड्या द्यायचे. रोज एक घ्यायची, मग सात दिवस 'देहाला मौन', म्हणजे पुडी बंद. त्या मौनात पाळी हमखास यायची. "कूस उघडली," महाराज डोळे मिटून सांगायचे, "आता फळ धरेल."

माझ्या थोरल्या जाऊबाईंना पीसीओएस. पाळी चार-चार महिने गायब, लग्नाला सहा वर्षं झालेली, मुलासाठी जीव नुसता कासावीस. पुड्यांनी पाळी दर महिन्याला येऊ लागली, तशी त्यांनी डॉक्टरबाईंची औषधं बंद केली. मी शंका काढली की सासूबाई म्हणायच्या, तुला दोन पोरं झालीत, तुला काय कळणार! असं वर्ष गेलं. पाळी येत होती, दिवस काही राहत नव्हते.

एके सकाळी सासूबाई पांढऱ्याफटक चेहऱ्याने न्हाणीघरातून बाहेर आल्या. वय बासष्ट, पाळी जाऊन बारा वर्षं झालेली, आणि आज पुन्हा रक्त! तशाच त्यांना डॉक्टरबाईंकडे नेलं. डॉक्टरबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, वाईट काही निघालं नाही. मग त्यांनी विचारलं, काय काय खाता? सासूबाई आढेवेढे घेत कबूल झाल्या: पुडीने गुडघेही बरे होतात असं ऐकून त्यांनीही गुपचूप एकवीस पुड्या रिचवल्या होत्या.

"म्हणजे तुमचीही कूस उघडली म्हणायची," मी म्हटलं. त्यांनी असं काही पाहिलं की मी मुकाट्याने खिडकीबाहेर बघायला लागले.

डॉक्टरबाईंना मात्र हसू आलं नाही. एकवीस दिवस घ्यायचं, सात दिवस थांबायचं, हे गणित त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं. पुडी तपासायला गेली आणि उत्तर आलं: पिठीसाखरेत कुटून मिसळलेल्या संततिनियमनाच्या गोळ्या. त्या थांबवल्या की रक्त जातं, बासष्टाव्या वर्षीसुद्धा जाऊ शकतं. आणि चालू असताना दिवस राहत नाहीत, त्यासाठीच तर त्या असतात.

"वर्षभर मीच माझ्या बाळाची वाट अडवून बसले होते," जाऊबाई म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या. पीसीओएसवर उपचार आहेत, ते घेऊन अनेकींना मूल होतं, डॉक्टरबाईंनी समजावलं. आणि या खेपेला नवऱ्यालाही तपासायला आणा, असंही बजावलं.

पुढच्या गुरुवारी आम्ही तिघी त्या रांगेपाशी गेलो. मला वाटलं जाऊबाई बोलतील, पण पुढे झाल्या त्या सासूबाई.

"बायांनो, माझं वय बासष्ट. या पुडीने मलाही पाळी आली. आता सांगा, मला पोर होणार आहे का?"

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळी रांग हसली, आणि हसता हसता एकेकीच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिली बाहेर पडली ती मुकादमीण.

तेव्हा माझं एवढंच सांगणं आहे: पुडी हातात घेण्याआधी विचारा, आत काय आहे? जो सांगत नाही, त्याचं औषध तोंडात घालू नका.