अकरावी रिंग

माझ्या हाताखाली काम केलेलं कोणीही सांगेल, मला चूक दाखवलेली अजिबात खपत नाही. सरकारच्या धोरण खात्यात वीस वर्षं मी नियम लिहिले. तिथे कोणी चूक दाखवली की आम्ही ‘सूचनेबद्दल आभारी आहोत’ असं पत्र पाठवायचो, आणि ते पत्र मिळालं की समोरचा समजून जायचा की आता काही होणार नाही. त्यामुळे मी कोणाचे आभार मानते आहे हे ऐकून जुने सहकारी पोट धरून हसतील. खुशाल हसा. हे आभार खरे आहेत आणि ते आमच्या ऑपरेटरबाईंचे आहेत.

खातं सोडून मी भाचीबरोबर कंपनी काढली. प्रोग्राम ती लिहिते, नियम मी. एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आमचं यंत्र रोज सकाळी आठला फोन करतं आणि विचारतं, “बरं आहे ना?” सगळं ठीक असेल तर एक दाबायचं. फोन उचलला नाही तर शेजाऱ्यांना निरोप जातो, ते डोकावून कळवतात. सलग चार दिवस फोन उचलला नाही आणि शेजारी मात्र ‘ठीक आहेत’ म्हणाले, तर यंत्र समजतं की यांना ही सेवा नको आहे. मग ते नाव कापून रांगेतल्या पुढच्या माणसाला जागा देतं. किती व्यवस्थित! पाच रिंगा वाट बघायची, हा नियमही माझाच. खात्यातल्या तक्रार-लाइनसाठी लिहिला होता, तोच उचलून इथे टाकला.

शनिवारी मी वाचनालयात बसून लोकांचे अर्ज फुकट भरून देते. शेजारच्या टेबलावर ऑपरेटरबाई असतात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेल्या, कानाने तिखट, जिभेने त्याहून. एका शनिवारी त्यांनी माझ्यापुढे आमच्याच कंपनीची ‘सेवा बंद’ची चिठ्ठी आपटली.

“अहो साहेब, आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांचं नाव कापलंत तुम्ही.”

“ते फोन उचलत नसतील.”

“उचलतात. तुम्हीच आधी ठेवता.”

मी तिथल्या तिथे हात झटकणार होते. पण बाईंनी माझी पर्स उचलली आणि चालू लागल्या. पर्सच्या मागे मला जावंच लागलं.

मास्तर खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. फोन पॅसेजमध्ये, भिंतीवरच्या फळीवर. बाई स्वयंपाकघरात गेल्या, तिथून त्यांनी मोबाइलवरून नंबर लावला आणि मोठ्याने रिंगा मोजू लागल्या. तिसऱ्या रिंगला मास्तर खुर्चीतून उठले. पाचव्याला शिलाई मशीनपाशी पोचले. माझं यंत्र इथेच फोन ठेवतं. उंबरठ्याशी थांबून त्यांनी आधी वॉकर पलीकडे ठेवला, मग एक पाय, मग दुसरा.

“अकरा,” बाई आतून म्हणाल्या.

“हॅलो!” मास्तर धापा टाकत म्हणाले. शर्यत जिंकल्यासारखे.

“फोन खुर्चीजवळ का घेत नाही?” मी विचारलं. अजून माझी खुमखुमी गेली नव्हती.

“तार तिथेच येते. मुलाने मोबाइल दिलाय, त्याची बटणं मला दिसत नाहीत. का तुमच्या यंत्राच्या सोयीसाठी घरच फिरवून घेऊ?” मग ते भिंतीला टेकले. “मागच्या वर्षी न्हाणीघरात पडलो होतो. दीड दिवस तसाच. तुमचा फोन सुरू झाला आणि मी बिनघोर आंघोळ करायला लागलो. तो बंद झाल्यापासून ओल्या फडक्याने अंग पुसतो.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं.

ऑफिसात येऊन यादी काढली. अशी त्रेचाळीस नावं कापली गेली होती. गुरुवारी पालिकेबरोबर करार व्हायचा होता, सगळ्या शहराचा. तो हुकला तर कंपनीला टाळं, आणि भाचीने तर चांगली नोकरी सोडलेली.

“मावशी, गुरुवार होऊन जाऊ दे,” ती म्हणाली. “नंतर गुपचूप बदलू. दहा मिनिटांचं काम आहे.”

खोटं कशाला सांगू, मलाही तेच हवं होतं. माझ्या मागोमाग आलेल्या ऑपरेटरबाई दारात उभ्या होत्या.

“मागच्या महिन्यात तुम्ही भाषण केलंत, यंत्राने माणसाच्या बेताने चालायला हवं म्हणून. मी टाळ्या वाजवल्या होत्या,” त्या म्हणाल्या. “परत घेऊ का?”

बुधवारी मी पालिकेच्या अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. “आधी दुरुस्त करा, महिनाभर चालवून दाखवा. मग बघू.” भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने यादीत एक नवा रकाना केला: ‘रिंगा’. मग आम्ही तिघी घरोघर फिरलो. कोणाच्या सात, कोणाच्या नऊ, एका आजींच्या सोळा. मोजायच्या फक्त बाईंनीच. आमच्या मोजण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. नाव आपोआप कापायचा नियम मी माझ्या हाताने खोडला.

मास्तरांच्या नावापुढे आम्ही अकरा लिहिल्या होत्या, वर चार जास्तीच्या. पण पहिल्याच सकाळी त्यांनी पहिल्या रिंगला फोन उचलला. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर तेच. मला आनंदाचं भरतं आलं.

“पहिल्या रिंगला? त्या पायांनी?” बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही आठच्या आधीच त्यांच्याकडे गेलो. मास्तर पॅसेजमध्ये स्टुलावर, फोन मांडीत घेऊन बसले होते. सहापासून.

“पुन्हा कापलंत तर?” त्यांनी विचारलं.

वीस वर्षांत मी कोणाची माफी मागितली नव्हती. त्या पॅसेजमध्ये मागितली. मास्तर म्हणाले, “बरं,” आणि स्टुलावरून हलले नाहीत.

महिना संपला, करार झाला, पेढ्यांऐवजी भाचीने ऑफिसभर माझी नक्कल करून दाखवली. मास्तरांची मात्र पहिली रिंग सुटेना. दोन महिने. आता ऑपरेटरबाईही सकाळी ऑफिसात येऊन बसायच्या. रोज आठला मी आधी मास्तरांचीच ओळ बघायची आणि रोज ती एकच रिंग मला टोचायची.

मग एका सकाळी पडद्यावर आकडा पुढे सरकला. दोन. चार. सहाव्याला मी खुर्ची पुढे ओढली. आठव्याला भाचीने माझा हात धरला. ऑपरेटरबाई डोळे मिटून ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. नऊ. दहा.

अकराव्या रिंगला मास्तरांनी फोन उचलला आणि एक दाबलं.

“खुर्चीतून उठून आले,” बाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. “आज आंघोळ करणार.”