नाचाचं वजन करणारा पहारेकरी

मित्रांनो, मी एक जुना पहारेकरी आहे. पण मला ना दंडुका, ना मिशा. आमच्या डोंगरातल्या साल्यापाता गावच्या कार्निवलसाठी नाचपथकं ऑनलाइन अर्ज भरतात, त्या अर्जात बसवलेल्या संगणकाच्या आज्ञांच्या चार ओळी म्हणजे मी. अर्जाला जोडलेला नाचाचा व्हिडिओ मोबाइलमधून निघण्याआधीच मी त्याचं वजन, म्हणजे फाइलचा आकार, पाहायचो. जड असला की सांगायचो, ‘हलका करून आणा.’

मला कार्निवलच्या कचेरीतल्या रोनाल्दने लिहिलं. “माझा वाघ आहेस!” म्हणाला होता. होतोच मी वाघ! एका पठ्ठ्याने आपल्या लामाच्या, म्हणजे लांब मानेच्या लोकरीच्या जनावराच्या, जन्मापासून तिच्या पणतवंडांपर्यंतचा व्हिडिओ आणला. पलीकडे सर्व्हर चळाचळा कापत होता. मी एकट्याने उंबऱ्यावर अडवला!

पण आमची माणसं नाचाआधी पाचामामाला, म्हणजे धरणीमायला, दारू शिंपडतात, कोकाची पानं वाहतात. ते कापून नुसता नाच पाठवायचा? छे! मग व्हिडिओ फुगायचे आणि शिव्या मला.

“मेला, धरणीमायला जड म्हणतो!” बासिलियाबाई कडाडायच्या. त्या एका पथकाच्या म्होरक्या. गावची खाण कोसळली तेव्हा मुलगा जिवंत निघाला, म्हणून त्यांनी चर्चमधल्या कुमारीमातेला सलग तीन वर्षं नाचण्याचा नवस बोलला होता. दोन वर्षं कुरकुरत का होईना, त्यांनी व्हिडिओ हलका केला.

तिसऱ्या वर्षी कचेरीतले साहेब वैतागले. “रोनाल्द, लोकांना नाही म्हणणारं ते लचांड काढ!”

“काढतो, साहेब.”

त्याने माझ्या प्रत्येक ओळीपुढे दोन तिरक्या रेघा ओढल्या; अशी ओळ संगणक पाळतच नाही. माझी वाचाच गेली. सर्व्हरची मर्यादा मात्र तेवढीच राहिली.

शेवटच्या दिवशी बासिलियाबाई रेंजसाठी टेकडीवर चढल्या. मला गप्प पाहून खूश झाल्या. “यंदा कुत्रं भुंकलं नाही गं!” दुपारभर व्हिडिओ मुंगीच्या पावलांनी सरकला. टोकाला पोचला आणि सर्व्हर म्हणाला, फाइल फार मोठी आहे. तोवर मुदत संपली होती.

बाई कार्निवलच्या कचेरीत धडकल्या. रोनाल्द शांतपणे म्हणाला, “पहारेकरी बिघडला होता, बाई. जुना झालाय.”

“मग माझा नवस काय तो फेडणार?”

रोनाल्द कीबोर्डवरची धूळ झटकत बसला.

पुढे मिरवणुकीचे फोटो आले. एकात बासिलियाबाई नाचाचा घागरा नेसून रस्त्याकडेला बसल्या होत्या.

मित्रांनो, मला परत उठवा असं मी म्हणत नाही. फक्त ज्याचं तोंड तुम्ही बांधलंत, त्याने हाक दिली नाही असं चारचौघांत सांगू नका.