कॉम्प्युटरच्या पोटातलं घड्याळ

डबीत दात खुळखुळला आणि मुकाट बसलेली खोली दचकली.

"हलवू नकोस गं, हरवेल," आई म्हणाली.

टिचकीने डबी मुठीत दाबली. पहिलावहिला पडलेला दात आणि त्याच्या जागचं भोक, दोन्ही आज बाबांना दाखवायचं होतं. बाबा जहाजावर वायरमन. चाळीस दिवसांतून एकदा, घरच्या चार ते सव्वाचार, एवढीच त्यांची बोलायची पाळी. ती संपली की पुढच्या पाळीपर्यंत ना कॉल, ना निरोप.

कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात तीन पन्नास झाले होते. घरात दुसरं घड्याळ चालू नव्हतं. फोन गेल्या आठवड्यात बादलीत बुडाला होता, आणि भिंतीवरच्या घड्याळाचा सेल आईनेच काढून टिचकीच्या मोटारीत घातला होता. इंटरनेट मोजूनमापून वापरायचं, म्हणून तिने ते आत्ता कुठे जोडलं. लेकीचे केस पुन्हा एकदा विंचरले. मान वर केली, तर चार त्रेपन्न!

आधी वाटलं, डोळे फसले. मग खाली उमटलं : तीन कॉल येऊन गेले. चार वाजता, चार-पाचला, चार-बाराला.

धाकटा दीर कामावरून आला, वाकून बघू लागला आणि त्याचा चेहराच उतरला.

"वहिनी, या एकाच कॉम्प्युटरवर दोन सिस्टिम आहेत ना, दादाची आणि तुमची? सकाळी मी दादाची चालू केली होती. एक फॉर्म छापायचा होता."

"मग?"

"याच्या पोटात बटणाएवढ्या सेलवर एक घड्याळ चालतं. दादाची सिस्टिम त्यात जगाची वेळ लिहून ठेवते. तुमची सिस्टिम तीच आपल्या गावची समजते. भारतात असतो तर साडेपाच तासांचा फरक लगेच कळला असता; इथे परदेशात एकच तास मागे. इंटरनेट जोडलं, तेव्हा सुधारली."

"दोन घरचा पाहुणा उपाशी, भाऊजी," ती म्हणाली. हसलं कुणीच नाही.

"दोन्हींचं एकमत करायची एक सेटिंग असते. दादा निघायच्या दिवशी करणारच होता, पण..."

पण काय, ते तिला ठाऊक होतं. तो त्या खोक्यापाशी बसला होता आणि तीच करवादली होती, "राहू दे आता ते! दोन घटका पोरीशी खेळ की."

दिराने सेटिंग बदलली. दोन मिनिटांचंही काम नव्हतं.

टिचकी अजून पडद्यासमोरच होती, इस्त्रीच्या फ्रॉकात. चाळीस दिवसांत त्या भोकातून नवा दात डोकावेल, आईच्या मनात आलं. तिने लेकीला जवळ ओढलं. मुठीतली डबी पुन्हा खुळखुळली.

"आई, आपण तर इथेच होतो ना गं? मग बाबांना काय वाटलं असेल, आपण कुठे गेलो?"