मांदेलीची तिसरी फेरी

कृष्णाबाईने ओट्यापुढच्या फरशीवर तिसरी बादली ओतली आणि खराटा घेऊन ती पुन्हा वाकली. पनवेलच्या मासळी बाजारात रविवारी सकाळी, ऐन धंद्याच्या वेळी फरशी धुवायला घेणारी बाई आजवर कोणी पाहिली नव्हती. शेजारच्या ओट्यावरच्या समृद्धीलाही तिने सोडलं नाही.

"तुजी टोपली आत घे. एक खवला खाली दिसाचा नाय. आन् ती येईल तवा कुनी वरडू नका."

"मंग गिऱ्हाईक कसा येल, मावशे?"

"धा मिन्टांत मरत नाय तुजा गिऱ्हाईक."

ती म्हणजे मांदेली. अकरा महिन्यांची सोनेरी लॅब्राडॉर. मोठी होऊन तिने एखाद्या अंध माणसाला वाट दाखवायची होती, आणि तोवर सांभाळायला म्हणून कृष्णाबाईच्या सुनेने, किशोरीने, तिला अशी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेतून रोडपालीच्या घरी आणलं होतं. संस्थेत या खेपेच्या सगळ्या पिल्लांची नावं 'म'वरून ठेवायची होती. हे माशाचं नाव सासूने सुचवलं आणि संस्थेने मुकाट्याने लिहून घेतलं.

दर दीड महिन्याला पाच पिल्लं आणि त्यांना सांभाळणारी माणसं मिळून गावात फेरी काढायची. बँक, जिने, रिक्षा, गर्दी, मांदेलीला कशाचंच भय नव्हतं. फक्त खाली पडलेलं काही दिसलं की ते तिच्या पोटात जायचं. खांदा कॉलनीच्या बागेत तिने भेळ कागदासकट खाल्ली, एसटी स्टँडवर अर्धा वडा. आज बाजारातल्या फेरीत तिसऱ्यांदा तेच झालं तर तिचं नाव यादीतून कटणार होतं. पुन्हा संधी नव्हती.

ही खोड कुठून आली ते कृष्णाबाईला पक्कं ठाऊक होतं. ताटासमोर बसलेल्या मुक्या जिवाला काही टाकल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे. माहेरी करंजाला असंच होतं, सासरीही तसंच. किशोरी डोळ्यांच्या दवाखान्यात ड्युटीला गेली की ही जेवायला बसायची आणि "घे गो बाय" म्हणत माशाचं डोकं जमिनीवर टाकायची. स्टँडवरच्या वड्यानंतर मात्र तिने ते बंद केलं. दीड महिना ती भिंतीकडे तोंड करून जेवली. किशोरीने विचारलं तेव्हा मान अवघडल्याचं सांगितलं. खरं सांगायला तिची जीभ रेटली नाही. आणि त्याच दीड महिन्यात सून बिचारी रोज सकाळी हॉलभर सुकट पसरून मांदेलीला त्यातून चालवत होती.

साडेदहाला फेरी दारात आली. पुढे संस्थेची ऋचा, मागे निळी जाकिटं घातलेली पाच पिल्लं. ऋचा उंबऱ्यातच थबकली.

"आज बाजार बंद आहे का?"

सगळ्या बायका फोटोला बसल्यासारख्या हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"ताईंनो, हे असं नको," ऋचा म्हणाली. "एवढा शांत बाजार या पिल्लांना आयुष्यात कधी भेटणार नाही. रोज करता तसंच करा. ओरडा, पाणी मारा, पडतंय ते पडू द्या."

मग काय, बाजार सुटलाच. कोलंबीवाल्या आणि पापलेटवाल्या एकमेकींच्या वरताण ओरडू लागल्या. पिल्लं सांभाळणाऱ्यांतल्या प्रणितचा मोगरा त्या कल्लोळाने ओट्याखाली शिरला, त्याला चुचकारून बाहेर काढावं लागलं. उरलेली तिघं बरी गेली. मांदेली शेवटची होती.

"हिला थोडं अवघड देऊ या," ऋचा किशोरीला म्हणाली. "घरी ही सगळ्यात जास्त कुणाच्या हाताकडे बघते?"

"माझ्याच," किशोरी घाईने म्हणाली.

"माज्या," कृष्णाबाई म्हणाली. तिने कोयता खाली ठेवला. "मीच टाकत व्हते तिला. डोकी. तू ड्युटीला गेलीस का."

किशोरीने पट्टा दुसऱ्या हातात घेतला.

"माहीत होतं मला, आई. तिच्या तोंडाला वास यायचा."

"मंग बोलली का नाय?"

"बोलणार होते. पण तुमची मान दुखायला लागली. म्हटलं, आता कशाला."

कृष्णाबाईचा हात नकळत मानेकडे गेला. ऋचा हसली नाही.

"मग तुम्हीच टाका, मावशी. घरच्यासारखं, त्याच आवाजात."

"लांब टाक," समृद्धी हळूच म्हणाली.

लांब टाकता आलं असतं. पण उद्या भर रस्त्यात, मागे आंधळा माणूस पट्टा धरून उभा असताना, कोणी लांब टाकणार नव्हतं. कृष्णाबाईने सुरमईची मधली तुकडी उचलली, गिऱ्हाइकाला दाखवतात ती, आणि मांदेलीच्या नाकापुढे वीतभर अंतरावर टाकली.

"घे गो माजे बाय."

मांदेली थांबली. कान उभे राहिले, शेपटी ओट्यावर आपटू लागली, पुढचा एक पाय उचलला गेला. तिने तुकडीकडे पाहिलं, मग कृष्णाबाईकडे. किशोरी एक शब्द बोलली नाही. पट्टा सैलच होता. 'खा' आणि 'नको खाऊ' हे दोन्ही कृष्णाबाईच्या मनात एकाच वेळी आलं आणि स्वतःचाच तिला राग आला.

उचललेला पाय तुकडीच्या पलीकडे टेकला. मग दुसरा. मांदेली तुकडी ओलांडून, ओट्याला घासून, कोलंबीच्या टोपल्या आणि बर्फाच्या पाण्यातून थेट पलीकडच्या दारापर्यंत चालत गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

"झालं," ऋचा म्हणाली आणि कागदावर खूण केली. दारात किशोरी मांदेलीच्या गळ्यात हात टाकून ओल्या फरशीवरच बसली. सगळा बाजार टाळ्या पिटत होता.

कृष्णाबाईने खाली उतरून तुकडी उचलली. तिला वाईट वाटलं. इतकं वाईट तिला फार दिवसांत वाटलं नव्हतं, आणि इतका आनंदही झाला नव्हता.

"माजा पन आयकला नाय तिनं," तिने समृद्धीला सांगितलं. मग पलीकडच्या ओट्याला सांगितलं, मग त्याच्या पलीकडच्या. आणि मग सुरमईचा भाव विचारायला थांबलेल्या एका गिऱ्हाइकाला, ज्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, तिने हात धरून दारापाशी नेलं आणि बोट दाखवलं.

"ती. माजा पन आयकला नाय."