टकळीच्या कानात कोणी पाहिलंच नाही

मित्रांनो, मी एक जुनी कानाची बॅटरी आहे, आणि मी रागावलेली आहे. कानात बघायच्या या दुर्बिणीला डॉक्टर लोक मोठ्या रुबाबात ऑटोस्कोप म्हणतात. दवाखान्यात येणारी मुलं मात्र मला कानाची बॅटरीच म्हणायची, आणि मलाही तेच नाव आवडतं. मुठीत दोन सेल, डोक्यात बारकासा दिवा आणि एक भिंग, एवढ्या भांडवलावर मी मुलांच्या कानांत काय काय पाहिलं! खोडरबराचे तुकडे, मणी, एकदा तर वाटाणा, तोही फुगलेला.

माझ्या बाई लहान मुलांच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर. त्यांची एक पद्धत होती. मूल रडायला लागलं की त्या मला त्याच्याच हातात द्यायच्या, आपले केस मागे सारायच्या आणि म्हणायच्या, "आधी तू माझ्या कानात बघ. काय दिसतंय ते सांग." मग ते मूल गंभीर चेहऱ्याने डॉक्टर व्हायचं आणि थोड्या वेळाने आपला कानही मुकाट्याने पुढे करायचं. त्या खेळात माझा केवढा मान होता!

टकळी अशीच आली. चार वर्षांची पोर, तोंडाचा पट्टा अखंड चालू, म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलेलं. तिने बाईंच्या कानात डोकावून "अंधार आहे, पण स्वच्छ आहे," असं जाहीर केलं. मग आम्ही तिच्या कानात पाहिलं. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं.

"पुष्कळदा हे आपोआप सुकतं," बाई वडिलांना म्हणाल्या. "तोवर तिला थोडं कमी ऐकू येईल. तीन महिन्यांनी आणा, मी पुन्हा कानात बघेन. नाही सुकलं तर पडद्यात बारीक नळी बसवू."

"तेव्हा पण मी बघू?" टकळीने विचारलं.

"आधी तूच बघायचं," बाईंनी शब्द दिला.

आणि साथ आली. दवाखान्याचं दार बंद झालं. मुलांच्या तोंडाजवळ जाणं धोक्याचं ठरलं, तेव्हा बाईंनी मला पुसून ड्रॉवरमध्ये ठेवलं. मी तक्रार केली नाही. बाईंच्या घरी म्हातारी आई होती, त्यांची भीती खरी होती. शिवाय बालवाडी बंद म्हणून सर्द्याही बंद झाल्या आणि बऱ्याच मुलांचे कान घरबसल्या बरे झाले, हेही मी मान्य करते.

टकळीची तपासणी फोनवर, व्हिडिओ कॉलने झाली. खोलीत बाई एकट्याच होत्या, त्यामुळे तोंडावर मास्क नव्हता. त्या फोनच्या अगदी जवळ बसल्या होत्या. "तुझं नाव काय? आज काय खाल्लंस? मांजर कसं ओरडतं?" टकळीने सगळ्याची पटापट उत्तरं दिली, म्याँव तर दोनदा केलं.

"छान ऐकू येतंय की!" बाई खूश झाल्या. "पाणी सुकलं असणार. आता काळजी नको."

अहो, फोनवर पडद्यामागचं पाणी कसं दिसेल? मी ड्रॉवरमध्ये तडफडत होते. आणि खरी गोष्ट तर मलाही नंतर कळली. ती पोर ऐकत नव्हती, ओठ बघत होती. कोणी न शिकवता शिकली होती बिचारी.

पुढे दवाखाना उघडला, पण मला कोणी बाहेर काढलं नाही. बाईंच्या लेखी टकळी बरी झाली होती. दिलेला शब्द त्या साफ विसरल्या. मी विसरले नाही, पण माझं कोण ऐकणार?

वर्ष उलटून गेल्यावर वडील तिला घेऊन आले. सगळ्यांच्या तोंडावर मास्क. "हल्ली फार उद्धट झालीय," ते म्हणाले. "हाक मारली तर वळत नाही. सारखं आपलं 'काय? काय?' परवा वैतागून कान पिळला मी तिचा. आता तर बोलतच नाही."

बाईंनी लांबूनच नाव विचारलं. टकळी त्यांच्या मास्ककडे बघत राहिली. पुन्हा विचारलं. तरी तेच. मग बाई उघड्या खिडकीपाशी गेल्या, मास्क क्षणभर खाली केला आणि तोच प्रश्न विचारला, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी.

"टकळी!" पोरीने झटक्यात सांगितलं.

वडिलांचा हात तिच्या त्या पिळलेल्या कानाकडे गेला.

मग मात्र माझी आठवण झाली. आतले सेल गळून माझ्या पोटात गंज चढला होता. बाईंनी तो खरवडून नवे सेल घातले आणि मी कशीबशी पेटले. बाईंनी केस मागे सारून मला टकळीपुढे धरलं, तर तिने हात पाठीमागे नेले. माझ्या जिवाला तेच सगळ्यांत जास्त लागलं. शेवटी वडिलांनी तिचं डोकं धरलं आणि आम्ही पाहिलं. पाणी कुठलं, डिंकासारखं घट्ट झालं होतं सगळं.

"नळी बसवली की ऐकू येईल," बाई म्हणाल्या. "पण या वर्षात जे शब्द तिच्या कानावर पडायचे राहिले, ते शिकायला वेळ लागेल." मग मास्क नीट वर ओढून त्या हळूच म्हणाल्या, "चुकलं गं माझं, बाळा."

टकळीने मान वर केली. "काय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या.

मित्रांनो, नळ्या बसल्या, टकळी आता ऐकते. मीही पुन्हा टेबलावर आहे. तरी माझा राग गेलेला नाही. माझी एकच विनंती आहे. एखादं मूल "काय?" म्हणालं, तर त्याला उद्धट ठरवू नका. त्याच्या कानात बघा, समोर बसा, तोंड दिसू द्या आणि तेच वाक्य पुन्हा म्हणा. बाईंनी त्यांचं वाक्य अजून पुन्हा म्हटलेलं नाही.